ताटावरची पहिली नोंद : बागबाजारात निवेदिता आणि रमाबाई वाचताना

या टिपणात काय पाहायचे आहे

परक्या देशात किंवा परक्या प्रांतात गेलेला माणूस पहिल्या काही दिवसांत तिथल्या जेवणाखाण्याबद्दल आणि रोजच्या जगण्याबद्दल लिहितो. अशा लिखाणाला आपण प्रवासवर्णन म्हणतो, वाचतो आणि बहुतेक वेळा लेखकावर विश्वास ठेवून पुस्तक मिटतो. ते तपासून कसे वाचायचे, याचा विचार या टिपणात केला आहे. त्यासाठी दोन लेखिका घेतल्या आहेत. एक, आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि 1898 पासून कोलकात्याच्या बागबाजारात राहिलेल्या भगिनी निवेदिता. दुसऱ्या, आपल्या पंडिता रमाबाई. टीकेची मोठी परिभाषा इथे लागणार नाही. पदविका किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात प्रयोगशाळेत जे शिकवले जाते तेवढे पुरे आहे.

1. एका अहवालापासून सुरुवात

मी नागपूरकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही हावड्याला गेलो होतो. तिथल्या ओतकामाच्या कारखान्यांची, म्हणजे फाउंड्रींची, भेट होती. शेवटच्या दिवशी आमच्या एका माजी सहकाऱ्याने मला आणि पाच-सहा मुलांना उत्तर कोलकात्यात, बागबाजारातल्या आपल्या घरी दुपारच्या जेवणाला बोलावले.

परतल्यावर मुलांनी अहवाल दिले. एका अहवालात साचे, वाळू आणि भट्टीचे तापमान यांच्यानंतर एक जादा पान होते: ‘कोलकात्याचे लोकजीवन’. त्यात दोन वाक्ये होती, ती अशी. ‘इथले लोक पाणी पीत नाहीत, खातात.’ आणि ‘यजमान हात राखून वाढतात. आधी भात आणि कडू भाजी देऊन पोट भरवतात, मासा नंतर आणतात.’

पहिले वाक्य वाचून मला हसू आले. बंगालीत पाणी ‘खातात’ हे खरेच आहे. तिथे पिण्यालाही खाणे हेच क्रियापद चालते. पण आपणही संध्याकाळी हवा खायला जातो, मार खातो, शपथ खातो आणि कार्यालयात कुणी पैसे खाल्ले की कुजबुजतो. परक्या भाषेतला शब्दप्रयोग विचित्र वाटतो, कारण आपल्या भाषेतला तसाच प्रयोग आपल्या कानाला सवयीचा झालेला असतो.

दुसरे वाक्य जास्त गंभीर होते, कारण त्यात एका घरावर आरोप होता. मुलाने पाहिले ते खोटे नव्हते. बंगाली जेवण एकेका पदार्थाने पुढे जाते. आधी शुक्तोसारखे कडवट काही, मग डाळ आणि तळलेले तुकडे, मग भाज्या, मग मासा, त्यानंतर आंबटगोड चटणी आणि शेवटी मिष्टी. प्रत्येक टप्प्याला थोडा भात. आपल्याकडे ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे आणि सणाचा दिवस असेल तर पक्वान्नही त्याच ताटात, असे सगळे एकदम मांडले जाते. त्यामुळे आपला माणूस बंगाली घरात पहिल्या भातालाच पोट भरून घेतो आणि मासा आला की म्हणतो, आता वाढून काय उपयोग! क्रम वेगळा होता. मुलाने त्या क्रमातून यजमानाचा स्वभाव काढला.

मी त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढली आणि ‘निरीक्षण व अनुमान वेगळे लिहा’ असा शेरा दिला. तो शेरा देताना मला जरा अभिमानच वाटला होता. त्याच सहलीत माझ्या स्वतःच्या डायरीतही एक वाक्य होते. त्याची गोष्ट पुढे सांगते.

2. शून्य त्रुटी : एक उपयोगी कल्पना

व्हर्निअर कॅलिपर हातात घेतला की काहीही मोजण्याआधी त्याचे जबडे मिटवून पाहायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जबडे मिटल्यावरही शून्यावर शून्य बसत नसेल, तर त्या उपकरणाला शून्य त्रुटी आहे. म्हणून उपकरण फेकून देत नाहीत. त्रुटी किती आणि कोणत्या दिशेला आहे ते वहीत लिहितात आणि प्रत्येक मापातून ती वजा करतात. लिहून ठेवलेली त्रुटी अडचण करत नाही. न लिहिलेली त्रुटी मात्र सगळी मापे सारखीच बिघडवते, आणि सगळी मापे एकमेकांशी जुळत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

प्रवासी माणूस हेही एक उपकरण आहे. तो कोणत्या घरातून आला, त्याच्या ताटात लहानपणी काय होते, त्याला कुणी बोलावले, त्याचे लिखाण कोण वाचणार आहे, यांवर त्याची शून्य त्रुटी ठरते. म्हणून प्रवासातल्या पहिल्या नोंदीला मी तीन प्रश्न विचारते.

पहिला: लेखकाने प्रत्यक्ष काय पाहिले आणि त्यातून काय काढले? 

दुसरा: या जेवणात कुणाचे ताट दिसत नाही? 

तिसरा: लेखक पुन्हा मोजायला परत आला का?

जेवणाच्या नोंदी या तपासाला विशेष उपयोगी पडतात. देऊळ किंवा किल्ला लांबूनही पाहता येतो. जेवायला मात्र कुणीतरी आत घ्यावे लागते, शेजारी बसवावे लागते किंवा बसवायचे नाकारावे लागते. त्यामुळे लेखक कुठे उभा होता हे तिथे लपत नाही.

3. रमाबाई, 1878 : खुर्चीची पूजा

1878 मध्ये रमाबाई आपला भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर कोलकात्यात आल्या. वय वीस. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गमावून, देशभर पायी भटकत, पुराण सांगत ही भावंडे तिथे पोहोचली होती. कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृतज्ञानाची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे त्यांचे लग्नही बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी झाले.

त्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी 1907 मध्ये लिहिलेल्या ‘अ टेस्टिमनी’ या आत्मनिवेदनात सांगितला आहे. कोलकात्यात त्यांना एका ख्रिस्ती मेळाव्याचे निमंत्रण आले. तिथे त्यांनी पाहिले की एतद्देशीय माणसे इंग्रजांच्या पंक्तीला बसून चहा-बिस्किटे घेत आहेत. बहीणभाऊ हादरले. ब्राह्मणसुद्धा असे खाऊ लागले, म्हणजे कलियुग पुरते आले, अशी त्यांची खात्री झाली. नंतर प्रार्थना सुरू झाली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. तेव्हा ही माणसे खुर्च्यांचीच पूजा करत असावीत, असे या दोघांना वाटले.

आता आपले प्रश्न लावून पाहा. निरीक्षण अचूक आहे: माणसे गुडघे टेकून बसली, पुढे खुर्च्या होत्या. अनुमान चुकले, पण ते अडाणीपणाचे नाही. ज्या घरात उपासना म्हणजे समोर मूर्ती हवीच, त्या घरातून आलेली हुशार मुलगी समोर दिसणाऱ्या एकमेव वस्तूकडे बोट दाखवणार. चहा-बिस्किटांचेही तसेच. एरवी साध्या खाण्याला कलियुगाचा पुरावा मानणारी नजर कुठून आली, हे आपल्याला त्या एका वाक्यातून कळते.

या उताऱ्याचे मोल तिसऱ्या प्रश्नात आहे. हे लिहिताना रमाबाई जवळजवळ पन्नाशीच्या होत्या. मधल्या काळात त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, इंग्लंड-अमेरिकेत राहिल्या होत्या, अशा शेकडो पंक्तींना बसल्या होत्या. पहिली नोंद गाळणे सोपे होते. त्यांनी ती ठेवली आणि आपली त्रुटी किती होती ते वाचकाला मोजू दिले. पुन्हा मोजायला परत येणे म्हणजे काय, याचे मराठी माणसाच्या लिखाणातले यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

4. निवेदिता, 1898 : बागबाजारातले घर

रमाबाईंच्या त्या मेळाव्यानंतर वीस वर्षांनी, 28 जानेवारी 1898 रोजी मार्गारेट नोबल कोलकात्याच्या बंदरात उतरल्या. 17 मार्चला त्या, सारा बुल आणि जोसेफिन मॅक्लाउड या तिघी पाश्चात्त्य स्त्रिया शारदादेवींना भेटायला गेल्या. शारदादेवी ब्राह्मण घरातल्या, विधवा, खेड्यात वाढलेल्या. त्यांनी तिघींबरोबर बसून खाल्ले. विवेकानंदांना या गोष्टीचे इतके अप्रूप वाटले की त्यांनी ते आपल्या गुरुबंधूला पत्रातून कळवले. 1878 मध्ये रमाबाईंना जे कलियुग वाटले होते, तेच इथे जिव्हाळ्याचे लक्षण ठरले. पंगत तीच. एकीकडे ती बाहेरून पाहणारी घाबरली, दुसरीकडे जिला आत घेतले ती हरखून गेली.

त्याच मार्चमध्ये मार्गारेटची ‘निवेदिता’ झाली. नोव्हेंबरात त्या बागबाजारातल्या बोसपाडा गल्लीत राहायला आल्या आणि 13 नोव्हेंबर 1898 रोजी, कालीपूजेच्या दिवशी, तिथल्या 16 क्रमांकाच्या घरात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्या वर्षी प्लेगात त्यांनी याच वस्तीत सफाईचे काम उभे केले. एका झोपडीत प्लेगने आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या निवेदितांना डॉक्टर राधागोविंद कर यांनी पाहिले होते आणि त्याची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे.

‘द वेब ऑफ इंडियन लाइफ’ हे त्यांचे पुस्तक 1904 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात हिंदू वस्तीत घर करून राहण्याचा अनुभव येतो: घर, अंगण, शेजार, आणि घरकामाला आलेली म्हातारी ‘झी’ व तिचे कडक सोवळे. परक्या बाईच्या घरात काम करायचे, पण तिच्या शिवण्याने आपले पावित्र्य जाऊ द्यायचे नाही, अशी या झीची रोजची कसरत. दुसरा एखादा पाश्चात्त्य प्रवासी याला अपमान म्हणाला असता आणि एक तिखट परिच्छेद लिहून मोकळा झाला असता. निवेदिता तसे करत नाहीत. या घरात शिस्त झीची आहे, पाहुणी आपण आहोत, असे त्या धरून चालतात. आपल्या घरात आपणच परक्या, हे स्वीकारल्यामुळे त्यांना बारकावे दिसतात.

म्हणून पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर हे पुस्तक उतरते. अंगण, स्नान, स्वयंपाकघराची हद्द, सासू-सुनेचा दिनक्रम यांविषयी त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते सव्वाशे वर्षांनीही टवटवीत आहे. 1903 पासून गोपालेर माँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बालपणीच विधवा झालेल्या, अत्यंत सोवळ्या वृद्धा त्यांच्याच घरी येऊन राहिल्या आणि 1906 मध्ये वारल्या. एका सोवळ्या ब्राह्मण विधवेने आपली शेवटची वर्षे परदेशी स्त्रीच्या छपराखाली काढावीत, इतका विश्वास निवेदितांनी कमावला होता. काही आठवडे हॉटेलात राहून पुस्तक लिहिणाऱ्याला असा विश्वास मिळत नाही.

5. न दिसलेले ताट

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र थांबावे लागते.

त्या काळच्या उच्चवर्णीय बंगाली घरात विधवेचे ताट वेगळे असे. मासे नाहीत, मांस नाही, कांदा-लसूण नाही, मसुराची डाळसुद्धा नाही. भात दिवसातून एकदा. एकादशीला अन्न नाही आणि पाणीही नाही. ज्या प्रांतात रोजच्या जेवणाचा जीव माशात असतो, तिथे मासा काढून घेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. निवेदितांना ही स्त्री कशी दिसली? ‘द वेब ऑफ इंडियन लाइफ’मध्ये विधवेचे आयुष्य बहुतेक ठिकाणी संन्यासिनीच्या आयुष्यासारखे, त्यागाने उजळलेले आहे. 

हीच स्त्री रमाबाईंनी 1887 मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात रेखाटली होती. तिथे एकवेळचे जेवण आणि सक्तीचे उपवास शिक्षेच्या यादीत येतात. ताट एकच. एकीने त्याला व्रत म्हटले, दुसरीने दंड.

निवेदितांची शून्य त्रुटी कोणत्या दिशेला होती, हे सांगता येते. 1895 मध्ये ब्रुकलिनमधल्या रमाबाईंच्या समर्थक मंडळाचा आणि विवेकानंदांचा वाद वर्तमानपत्रांत गाजला होता. वादाचा विषय हिंदू विधवांची स्थिती हाच होता. पाश्चात्त्य वाचकांच्या मनात हिंदू घर म्हणजे अंधारकोठडी असे चित्र तयार झाले होते, आणि ते पुसायचे म्हणून निवेदिता लिहीत होत्या. समोरच्याने काळे रंगवले की आपण पांढरे रंगवायचे, अशा लिखाणात मधल्या छटा जातात. शिवाय ज्या स्त्रियांनी त्यांना घरात घेतले, माया दिली, त्यांच्या दुःखाची जाहीर चर्चा त्यांना कृतघ्नपणाची वाटली असेल, तर तेही समजण्याजोगे आहे. जिथे आपण जेवलो त्या घराबद्दल खरे लिहिणे सगळ्यांत अवघड असते.

तरीही एक गोष्ट निवेदितांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. 1903 मध्ये सिस्टर क्रिस्टीन यांच्या मदतीने त्यांच्या शाळेत मोठ्या स्त्रियांचा वर्ग सुरू झाला. तिथे पडद्यातल्या सुना आणि विधवा लिहावाचायला, शिवणकाम करायला येत. विधवेचे आयुष्य पुस्तकात म्हटल्याप्रमाणे खरोखर परिपूर्ण असते, तर तिला हातात कमाईचे कसब देण्याची गरज नव्हती. पुस्तकात जे लिहिले नाही ते शाळेने कृतीने कबूल केले. म्हणून निवेदिता वाचताना पुस्तकाशेजारी शाळेचा इतिहास ठेवून वाचावा, असे मी सुचवते.

आता माझ्या डायरीतले वाक्य. त्या दिवशी बागबाजारच्या घरात सहकाऱ्याच्या जेठीमा, म्हणजे मोठ्या काकू, आमच्या जेवणावर देखरेख करत होत्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. मुलांना माशाचे काटे कसे काढायचे ते दाराशी बसून सांगत होत्या, मला पुन्हा पुन्हा घे म्हणत होत्या. त्या आमच्याबरोबर जेवल्या नाहीत. रात्री मी लिहिले: ‘जेठीमांना मासे आवडत नाहीत असे दिसते.’

महिनाभराने सहकाऱ्याशी फोनवर बोलताना मी ते सहज म्हणाले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘आवडत नाहीत कसे? लग्न होऊन आली तेव्हा इलिश म्हटली की उड्या मारायची, असं आजी सांगायची. जेठू गेले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आता आम्ही सगळे म्हणतो, खा. ती म्हणते, पचत नाही.’

‘पचत नाही’ हे शब्द मी आयुष्यभर ऐकले होते. वडिलांची आत्या आमच्या घरी असायची. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणायचो. ती शेवटच्या पंगतीला बसायची. कांदा-लसूण नाही, रात्रीचे जेवण नाही. विचारले की म्हणायची, ‘मला पचत नाही गं.’ मी ते पचनाचेच कारण धरून चालले होते. ती कितव्या वर्षी विधवा झाली, हे मला ती गेल्यानंतर कळले. घरातल्या माणसाच्या ताटाबद्दल माझी पहिली नोंद वीस वर्षे तशीच राहिली, कारण मी पुन्हा मोजायला गेलेच नाही. त्या विद्यार्थ्याच्या अहवालावरचा लाल शेरा मला माझ्या डायरीवरही लिहावा लागला. निवेदितांवर टीका करताना हे सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांना तर त्या घरात येऊन सहाच वर्षे झाली होती.

6. हीच कसोटी रमाबाईंना

न्याय सारखा हवा. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला आणि 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. आनंदीबाईही 1883 मध्ये कोलकात्याहूनच बोटीत बसल्या होत्या आणि परदेशात त्यांनी शाकाहार सोडला नव्हता. रमाबाईंनीही ख्रिस्ती धर्म घेतला तरी शाकाहार ठेवला. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या भगिनींना ते जातीचे शिल्लक राहिलेले खूळ वाटले आणि त्यावरून पत्रापत्री झाली. रमाबाईंचे म्हणणे असे की धर्म बदलला म्हणून ताट बदलायची सक्ती नको. ज्या बाईला 1878 मध्ये दुसऱ्यांच्या चहा-बिस्किटांत अधर्म दिसला होता, तिच्याच ताटात आता दुसऱ्यांना अधर्म दिसू लागला.

अमेरिकेहून परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. घरे, शिक्षण, राज्यकारभार, स्त्रियांच्या संस्था अशी त्याची मांडणी आहे. पहिल्या कसोटीवर पुस्तक पक्के आहे, कारण रमाबाई संस्थांची कामे, नियम आणि व्यवहार नीट पाहून लिहितात. दुसऱ्या कसोटीवरही बरेच हाती लागते. कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, शरीर आवळणारी स्त्रियांची वस्त्रे आणि टोप्यांवरची पक्ष्यांची पिसे यांबद्दल त्या स्पष्ट बोलतात. 

पण त्रुटी इथेही आहे. रमाबाई ज्या घरांत उतरल्या ती प्रामुख्याने सुधारक, सुस्थित घरे होती. त्यांच्या नियोजित शाळेसाठी याच मंडळींनी 1887 मध्ये बोस्टनला संस्था स्थापन करून पैसा उभा केला. त्यामुळे अमेरिकन घर म्हणून जे पुस्तकात येते ते बरेचसे या यजमानांचे घर आहे. गिरणीत राबणाऱ्या बाईचे किंवा आयरिश मोलकरणीचे ताट त्यांना जवळून दिसणे कठीणच होते. आणि वाचक कोण? मराठी घरातली माणसे. त्यांना ‘असेही जगता येते’ हे दाखवायचे होते. निवेदिता पश्चिमेसाठी भारत उजळवत होत्या, रमाबाई महाराष्ट्रासाठी अमेरिका. दोघींचे हेतू चांगले होते. वाचकाने दोघींच्या मापातून तेवढे वजा करावे.

माझा कौल विचाराल तर मी रमाबाईंना थोडे वरचे स्थान देते. त्यामागे त्या आपल्या आहेत हे कारण नाही. परक्या देशाची स्तुती करतानाही त्यांनी तिथल्या न दिसणाऱ्या माणसांचा शोध घेतला, आणि आपली जुनी चूक आपल्याच हाताने लिहून ठेवली. निवेदितांनी माणसांवर रमाबाईंइतकेच, कदाचित जास्तच, प्रेम केले. पण त्या प्रेमाने त्यांच्या लेखणीला एका जागी मुके केले.

7. आपण पाहुणे होतो तेव्हा

बागबाजारात मराठी माणसाने आणखी एक गल्ली पाहावी. तिचे नाव मराठा डिच लेन. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य बंगालवर चालून आले, तेव्हा कोलकात्याच्या रक्षणासाठी एक खंदक खणायला घेतला गेला. त्याची सुरुवात बागबाजारच्या बाजूने झाली. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाल्यावर काम थांबले. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खंदक पुढे बुजवला, नाव राहिले.

बंगालच्या गावांत मात्र मराठे आले होते, 1751 च्या तहापर्यंत पुन्हा पुन्हा आले. सरकारी घोड्यावर बसणारा आपला ‘बारगीर’ तिथे ‘बर्गी’ झाला. मुलांना झोपवताना गायच्या बंगाली गाण्यात तो अजून आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळात ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले. नावावरून आपल्याला गौरवग्रंथ वाटेल, पण त्यात लुटीची आणि जाळपोळीची हकिगत आहे. बंगालच्या खेड्याने आपल्याबद्दल केलेली पहिली नोंद ती ही.

कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात मी नव्या गुळाचा संदेश घेत होते. (रसगुल्ल्याचा बंगालमधला जनक मानले जाणारे नवीनचंद्र दास याच बागबाजारचे. 1868 हे साल सांगितले जाते. ओडिशाचा दावा वेगळा आहे आणि आता दोन्ही राज्यांकडे आपापल्या रसगुल्ल्याचे भौगोलिक मानांकन आहे.) दुकानदाराने विचारले, कुठून आलात? मी नागपूर म्हटले. तो हसून म्हणाला, ‘म्हणजे बर्गी!’ आणि एक संदेश जास्त ठेवला.

मला पटकन उत्तर द्यावेसे वाटले. शिवाजी महाराजांचे नाव घ्यावे, चौथाईचे कारण सांगावे, सगळेच लुटारू नव्हते म्हणावे. मग माझाच दुसरा प्रश्न आठवला: या नोंदीत कुणाचे ताट दिसत नाही? आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत बंगालच्या स्वाऱ्यांचे वर्णन असते. ज्याचे भाताचे कोठार जळाले त्या शेतकऱ्याचे ताट त्यात नसते. ते त्या अंगाईगीतात राहिले. मी संदेश घेतला आणि गप्प बसले.

8. समारोप

पहिली नोंद चुकते म्हणून ती लिहू नये, असे मी म्हणत नाही. सवय झाली की डोळ्यांना दिसेनासे होते, म्हणून पहिल्या दिवसाची नोंद लिहावीच. फक्त तिच्यापुढे तारीख, आपली जागा आणि यजमान कोण ते लिहावे. पाहिलेले आणि काढलेले वेगळ्या ओळींत ठेवावे. जेवणाच्या वर्णनात कोण नंतर जेवले, कोण जेवलेच नाही, ते विचारावे. आणि काही काळाने परत जाऊन खाली दुसरी नोंद करावी. पहिली खोडू नये.

त्या विद्यार्थ्याला मी अहवाल परत दिला तेव्हा माझ्या डायरीतले ते पानही दाखवले. त्याने दोन्ही वाचले आणि विचारले, ‘मॅडम, मग जेठीमांना कुणी विचारलं का, खरंच खायचंय का म्हणून?’ मी सहकाऱ्याला तो प्रश्न कळवला आहे.

स्वाध्याय

1. तुमच्या घरातल्या एका सणाच्या जेवणाचे वर्णन दहा ओळींत करा. कोण आधी जेवले, कोण शेवटी, कोणी काय खाल्ले नाही, हे त्यात असू द्या. कारणे लिहू नका. नंतर त्या व्यक्तींनाच कारण विचारा आणि खाली वेगळ्या शाईने लिहा.

2. पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरील पुस्तकातील कोणतेही एक प्रकरण वाचा. त्यातील निरीक्षणे आणि अनुमाने यांची दोन स्तंभांत मांडणी करा.

3. निवेदितांच्या पुस्तकातील विधवेचे चित्र आणि त्यांच्या शाळेतील स्त्रियांचा वर्ग यांत विसंगती आहे, असे या टिपणात म्हटले आहे. हे म्हणणे तुम्हाला पटते का? न पटल्यास आपला युक्तिवाद सुमारे 150 शब्दांत मांडा.

4. औद्योगिक भेटीच्या अहवालात ‘लोकजीवन’ हा भाग असावा का? असल्यास त्यासाठी चार नियम तयार करा.